नाळेवरची जागा

फोटोत मिसेस मर्चंट होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, बसल्या होत्या. पाय पाण्याच्या बाजूला सोडलेले, डोक्यावर गवती टोपी, मांडीवर एक चपटी बाटली. मर्चंट साहेब गेल्या महिन्यात दोस्तमंडळींना घेऊन समुद्रात मासे धरायला गेले होते, काठीने आणि चक्रीने, निव्वळ हौस म्हणून. त्यांची ऐन उमेदीची वर्षं मोंबासाला गेलेली. तिथे रविवारी हेच चालायचं म्हणे. आता पावण्याच्या या कारखान्यात ते मोठे साहेब होऊन बसले होते आणि त्यांना इथेही तसला रविवार हवा होता. दुपारी चहाच्या वेळी रंगीत फोटोंचं पाकीट टेबलाटेबलांवरून फिरलं. दमयंतीकडे आलं तेव्हा तिने नुसतं बघून पुढे द्यायचं होतं. पण मिसेस मर्चंटच्या गोऱ्या पोटरीमागे, लाकडावर, एक हिरवा मासा काढलेला होता. त्याची शेपटी जरा जास्तच वर मुरडली होती. ती शेपटी दमयंतीने काढलेली होती, सातवीत असताना. पावसाळ्यात घरची होडी वर ओढून ठेवलेली होती आणि ती जमिनीवर टाचा उंचावून उभी राहून रंगवत होती, कारण होडी कोरड्यात असली तरी तिच्यात पाय ठेवायचा नव्हता. फोटोच्या कडेला, सुकाणूपाशी, अर्धा चेहरा होता. तो रोहिदासकाका होता, वडिलांचा धाकटा भाऊ. तिने फोटो पाकिटात घातला, पाकीट शेजारच्या टेबलावर दिलं आणि अर्धवट राहिलेलं पत्र टाइप करायला घेतलं. दोन ओळी झाल्यावर तिच्या लक्षात आलं की कागद उलटा लावला आहे.

दिवाळे गावातल्या त्यांच्या कोळी घरात बायका होडीवर जात नसत. इतर घरांत आताशा कोणी जात असेल, पण त्यांच्यात नाही. बायकांची हद्द पाण्यात कमरेपर्यंत. आई तिथे उभी राहायची, लुगडं वर खोचून, आणि वरून बा पाटी सोडायचा. ती पाटी आई डोक्यावर घ्यायची, त्या क्षणापासून मासळी बायकांची. त्याआधीचं सगळं पुरुषांचं. लहानपणी दमयंतीला यात काही गैर वाटलं नव्हतं. पुढे वाशीला कॉलेजात गेली, लायब्ररीतली पुस्तकं दोन-दोन करून घरी आणू लागली, तेव्हा वाटू लागलं. एकदा तिने बाला तसं बोलूनही दाखवलं. बा जाळ्याची भोकं सांधत होता. तो म्हणाला, तू वाच, तुला कोन नाय म्हनतो, पन होरी वायली. होडीचं वेगळं, एवढंच. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच तिला पुढे काही बोलता आलं नाही. बा गेला त्याला आता वर्ष होत आलं होतं. हॉस्पिटलातल्या शेवटच्या आठवड्यात तो फार कमी बोलला. जे बोलला त्यातलं एक असं, की मला खाडीत सोडू नका, खाडीच्या पाण्याला आता वास येतो. निळ्या पाण्यात न्या. कुपा मासा फिरतो तिथे. हे तो रोहिदासकाकाला म्हणाला होता, तिला नव्हे. ती फक्त पलंगाच्या पायथ्याशी उभी होती.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करून आणल्या. मडक्याचं तोंड बांधायला तिने कधीच गेलेल्या आईच्या जुन्या लुगड्याचा पदर फाडला, जांभळ्या काठाचा, आणि गाठ तिनेच मारली. मग ती काकाला म्हणाली, मी येते. बाला मुलगा नव्हता, ती एकटीच होती. काकाने तिच्याकडे न बघता सांगितलं, आपल्या घरची बाय होरीवं पाय ठेवत नाय. तिने पुन्हा विचारलं नाही. एकदा विचारायचं, दुसऱ्यांदा विचारायचं नाही, ही तिची जुनी सवय होती आणि लोक तिला सोशिकपणा समजत. होडी सुटली तेव्हा ती गावातल्या बायकांबरोबर धक्क्यावर उभी राहिली. बायकांनी उभं राहून इंजिनाचा आवाज ऐकायचा असतो. माणूस, म्हणजे त्याची राख, सोडायच्या वेळी इंजिन बंद करतात. चालत्या होडीतून माणूस सोडत नाहीत, पंख्याखाली जातो म्हणतात. तो आवाज थांबला की किनाऱ्यावरच्या बायका समजतात आणि घराकडे वळतात. त्या दिवशी आवाज थांबला नाही. तो बारीक होत गेला, बारीक होत गेला आणि मग नुसता वारा राहिला. काकाची बायको गोजराकाकी म्हणाली, लांब गेलं गं, निल्या पान्यान गेलं, हितं कसा आयकू येल. दमयंतीने ते मानलं. वर्षभर ती वाशीच्या दोन खोल्यांच्या घरात संध्याकाळी गॅलरीत उभी राहायची आणि दक्षिणेकडे, जिथे समुद्र दिसत नव्हता, तिकडे बघायची. बा निळ्या पाण्यात आहे, एवढं एक तिच्याकडे होतं.

फोटो बघितला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मर्चंट साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, पुढच्या ट्रिपला मला यायचं आहे. साहेबांना आधी आश्चर्य वाटलं, मग ते खूश झाले. ऑफिसातली एक तरी मुलगी धाडसी निघाली, म्हणाले. तुम्ही लोक तर पाण्यातलेच. तुम्ही लोक हे शब्द तिने बरोबर घेतले आणि जागेवर येऊन बसली. अकाउंट्समधला नामदेव कांबळे, जो बीडहून आलेला होता आणि ज्याने समुद्र फक्त पुलावरून पाहिला होता, त्यालाही साहेबांनी ओढलं होतं. तो तिला म्हणाला, मॅडम, तुम्ही आहात म्हणून बरं, मी बुडालो तर घरी कळवा. तिला हसू आलं नाही. त्याचं वाईटही वाटलं नाही.

रविवारी फटफटताना सगळे दिवाळ्याच्या धक्क्यावर जमले. भरती होती. मर्चंट साहेब, मिसेस मर्चंट, साहेबांचे दोन मित्र, नामदेव, बर्फाचा डबा, बिअरच्या बाटल्या आणि कातडी पिशव्यांत गुंडाळलेल्या लांब काठ्या. दमयंती शेवटची आली. रोहिदासकाका फळी धरून एकेकाला आत घेत होता. तिला बघून त्याचा हात एक क्षण फळीवरच राहिला. मग तो म्हणाला, "संभालून, मॅडम." जसा मिसेस मर्चंटला म्हणाला होता, तसाच. त्याच आवाजात, तसाच हात पुढे करून. काकाच्या हाताला तंबाखूचा आणि डिझेलचा वास होता, बाच्या हातासारखा. तिने तो धरला नाही. ती स्वतःच चढली, सरळ पुढे गेली आणि नाळेवर जाऊन बसली, जिथे होडी निमुळती होते, जिथे पूजेचा नारळ फोडतात, जिथे फोटोत मिसेस मर्चंट बसल्या होत्या. मागून काकाचे डोळे तिला पाठीवर जाणवत होते. ती वळली नाही. तिच्या टाचेखाली हिरवा मासा होता. रंगाचे पोपडे निघाले होते.

होडी सुटली. घारापुरी मागे पडली, मग खांदेरीचा दिवा. पाणी आधी चहासारखं होतं, मग मातकट हिरवं, मग नुसतं हिरवं. वाऱ्याला बंदराचा वास होता, तोही सुटला. मागे साहेबांचे मित्र हसत होते. साहेब काठीला चक्री बसवत सगळ्यांना समजावत होते की टूना हा माशांमधला रेसहॉर्स आहे, तो थांबतच नाही, थांबला तर मरतो. टूना. दमयंतीच्या कानात तो शब्द बसत नव्हता. कुपा, बा म्हणायचा, आणि म्हणताना त्याचे ओठ मिटायचे. खाडीतली मासळी कमी होत गेली, उरली तिला रॉकेलचा वास येऊ लागला, गिऱ्हाईक पाटी हुंगून पुढे जाऊ लागलं, तेव्हा बा लांब जायला लागला होता. कुप्यासाठी तो हातात नुसती दोरी घेऊन बसायचा. मासा पळाला की दोरी हातातून सुटत जायची आणि तळव्यात जायची. त्याच्या तळव्यांवर आडवे पांढरे वळ होते. लहानपणी ती त्यांत बोट घालून बघायची, जसं एखाद्याच्या घरातल्या खिडकीच्या गजांत घालावं. बा सांगायचा, समद्या माशांत हा एक गरम. बाकी मासली मेल्यासारखी थंड, जिती असली तरी. ह्याच्या अंगात हात घातला तर मानसासारखा लागतो. तिने कधी जिवंत कुप्याला हात लावला नव्हता. तिच्यापर्यंत, पाण्यातल्या आईच्या पाटीपर्यंत यायच्या आत तो थंड झालेला असायचा. हॉस्पिटलात पहाटे तिला बोलावलं, तेव्हा बाही थंडच झालेला होता. सगळं तिच्यापर्यंत थंड होऊनच येत होतं. हा विचार तिला फार नीटस वाटला, पुस्तकातून उचलल्यासारखा, आणि तिने तो रागाने बाजूला केला.

लांबवर पाखरं पाण्यावर घिरट्या घालत होती. काकाने सुकाणू वळवलं. काठ्यांच्या दोऱ्या मागे सोडलेल्या होत्या, टोकाला रंगीत पिसांची आमिषं. एका चक्रीने किंचाळल्यासारखा आवाज केला आणि साहेबांच्या मित्राने ओरडाआरडा करत एक लहान मासा वर घेतला, हातभर लांब, पाठीवर वेड्यावाकड्या रेघा असलेला. "अरे, ये तो बच्चा हाय," साहेब म्हणाले. मासा फळ्यांवर शेपूट आपटत होता, इतक्या वेगाने की आवाज सलग येत होता. काकाने त्याच्या डोक्यावर दांडका मारला. मिसेस मर्चंटनी पाय वर घेतले आणि पदराने नाक झाकलं. मासा घरंगळत पुढे दमयंतीच्या पायाशी आला. तिने वाकून त्याच्या पाठीवर तळवा ठेवला. तो गरम होता. बाने सांगितलं होतं तसाच, त्याहून जास्त, ताप आलेल्या मुलासारखा. तिचा हात तिथेच राहिला. रक्त तिच्या बोटांमधून आलं आणि तेही गरम होतं. तिला कोणाचा तरी गळा धरावासा वाटत होता, पण कोणाचा ते ठरत नव्हतं.

मागे नामदेवला उलटी होत होती. तो काठावर ओणवा झाला होता आणि साहेबांचे मित्र त्याला उपाय सांगून हसत होते, बिअर घे, लिंबू घे, लग्न कर. त्याचा शर्ट भरला होता. दमयंती उठली. पुसायला काहीतरी असेल म्हणून तिने नाळेखालच्या पोकळीत हात घातला, जिथे नेहमी दोरखंड आणि चिंध्या कोंबलेल्या असतात. हाताला दोर लागला. मग मडकं लागलं. मग कापड, आणि कापडावरची गाठ. तिला डोळ्यांनी बघायची गरज नव्हती, तरी तिने वाकून बघितलं. जांभळा काठ मीठ बसून पांढरा झाला होता. गाठ तिचीच होती, दुहेरी, उजवा पदर डाव्यावर. ती सुटलेली नव्हती. ज्या फळीवर ती पहाटेपासून बसली होती, ज्या फळीवर फोटोत मिसेस मर्चंट बाटली घेऊन बसल्या होत्या, तिच्याखाली बा होता. वर्षभर ती गॅलरीतून निळ्या पाण्याकडे बघत होती आणि बा इथे होता, काळोखात, चिंध्यांत.

तिने एक फडकं ओढून काढलं, नामदेवला दिलं आणि तशीच मागे गेली, सुकाणूपाशी. इंजिनाच्या धडधडीत त्यांचं बोलणं इतरांना ऐकू जाणार नव्हतं. कित्येक वर्षांत ती घरची बोली बोलली नव्हती. ती तोंडात आपोआप आली.

"काका, बाला कुठं सोरलास?"

काका समोर पाखरांकडे बघत होता. "फुडं बस, मॅडम. मागं धूर येतो."

"माझी गाठ हाय ती. आयसच्या लुगऱ्याची."

त्याने सुकाणू जरा वळवलं. मग म्हणाला की त्या दिवशी वारा वाढला, खांदेरीच्या पुढे जाता आलं नाही, आणि खाडीत सोडायचा नाही हे दादाचंच सांगणं होतं. म्हणून ठेवला. मग दुसऱ्या खेपेला होडी भरून आली. तिसऱ्यालाही. "तो होरीन हाय तवर होरी रिकामी आली नाय," तो म्हणाला. "तुला काय म्हाईत. तू खुर्चीवं बसतंस."

"त्यानं तुला सांगितलेलं."

"दादा माझा बी व्हता." आता त्याने तिच्याकडे बघायला हवं होतं, पण बघितलं नाही. "दरिया कुठं पलून जात नाय. सोरू कवातरी. नि तू हात लावू नको. बाय मानसानं त्याला हात लावायचा नाय."

इतकी पुस्तकं वाचून झाली होती, त्यांतली माणसं अशा वेळी पानभर बोलायची. याला दोष तरी काय द्यायचा? तो बावर प्रेम करत होता, म्हणूनच त्याने त्याला बांधून ठेवला होता. आणि तिचा राग याने कमी होत नव्हता, उलट घट्ट होत होता, त्या गाठीसारखा, खारं पाणी पिऊन. तिने खाली पाण्याकडे बघितलं. ते निळं होतं. कधी झालं ते तिला कळलं नव्हतं. खोल, जाड, दौतीतल्या शाईसारखं निळं.

तेव्हाच साहेबांची काठी वाकली. चक्री किंचाळू लागली आणि थांबेना. मोठा मासा लागला होता, कुपा, खराखुरा. साहेबांनी काठीचं बूड पोटावरच्या पट्ट्यात खुपसलं, पाय फाकवून उभे राहिले, त्यांचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा टरारल्या. दोरी सरळ पश्चिमेकडे सुटत चालली होती. "तांडेल, चल, चल, पाठी घे त्याच्या. फास्ट," ते ओरडले. "लाइन संपेल साली." काकाने इंजिनाला जोर दिला, होडी वळली आणि माशाच्या मागे धावू लागली. सगळे उभे राहिले. मिसेस मर्चंट नवऱ्याला कमरेच्या पट्ट्याला धरून मागे ओढत होत्या. तेवढ्यापुरता नामदेवही उलटी विसरला. कोणी पुढे बघत नव्हतं.

दमयंती नाळेवर गेली. तिने पोकळीत दोन्ही हात घालून मडकं बाहेर काढलं आणि छातीशी धरलं. ते तिला आठवत होतं त्याहून हलकं होतं. ती उभी राहिली, होडीच्या अगदी टोकाला, तोंड मागे करून. वारा तिच्या पाठीला लागत होता. सगळ्यांच्या डोक्यांवरून तिने काकाकडे बघितलं आणि काही न बोलता दातांनी गाठ सोडवली. तोंडात मिठाची चव आली. कापड वाऱ्याने ओढून नेलं.

काकाने ते बघितलं. त्याचं तोंड उघडलं. हात सुकाणूवरून उठला, जणू इतक्या लांबून तो तिला धरणार होता. समोर मासा होता, साहेब होते, साहेबांचा हुकूम होता. आणि नाळेवर दादा होता, मडक्याचं तोंड उघडं, आणि होडी चालत होती. तिला ठाऊक होतं की तो काय करील. ती त्याच्याच घरात वाढली होती. तिने मडकं पाण्याच्या बाजूला कलतं धरलं आणि वाट बघितली.

इंजिन बंद झालं.

एकाएकी इतकी शांतता पसरली की बर्फाच्या डब्यातलं पाणी हिंदकळताना ऐकू आलं. काकाने डोक्यावरचा रुमाल काढला होता आणि हात जोडले होते. दमयंती वळली, गुडघ्यांवर बसली आणि मडकं पाण्यावर उपडं केलं. राख क्षणभर वर तरंगली, करडी, मग निळ्यात विरत खाली गेली. जड तुकडे आधीच गेले होते. थोडी तिच्या हातावर उडाली, तिथे माशाचं रक्त अजून ओलं होतं, आणि चिकटून राहिली. किनाऱ्यावर कोणी बाई उभी नव्हती. आवाज थांबलेला ऐकायला ती एकटीच होती, आणि तिने तो ऐकला.

मागे साहेब काय काय ओरडत होते. मग टण्णकन आवाज झाला, काठी सरळ झाली आणि ते मागच्या मागे बर्फाच्या डब्यावर बसले. दोरी संपली होती, मासा गेला होता, आमिष आणि सगळं घेऊन. मग त्यांनी काकाला विचारलं, इंजिन का बंद केलंस, कोणाच्या हुकमाने बंद केलंस. काकाने रुमाल पुन्हा डोक्याला बांधला. मग त्यांना दमयंती दिसली, गुडघ्यांवर, हातात रिकामं मडकं. कोणीतरी हलक्या आवाजात त्यांना इंग्रजीत काही सांगितलं. नामदेवच असावा, तिने फडकं काढलं तेव्हा त्याने नाळेखालचं मडकं पाहिलं असणार. मिसेस मर्चंटचा चेहरा पांढरा झाला. मागच्या खेपेला आपण कशावर बसलो होतो, याचा हिशोब त्यांनी केलेला दिसत होता. साहेब खूप वेळाने म्हणाले, "उद्या केबिनमध्ये भेट मला." तिने मान हलवली. मडकंही तिने पाण्यात सोडलं. ते गटांगळ्या खात थोडा वेळ बरोबर आलं आणि बुडालं.

परतीच्या वाटेवर कोणी तिच्याशी बोललं नाही. बिअर तशीच राहिली. मिसेस मर्चंटनी कोलनवॉटर लावलेला रुमाल सगळ्यांना दिला. नामदेवने तो तिच्यापुढे धरला, तेव्हा तिने नको म्हटलं आणि तळवा मिटून घेतला. पाणी हिरवं झालं, मग मातकट. बंदराचा वास आला. काकाने सबंध वाटेत तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. ती नाळेवर बसली होती. आता खालची पोकळी रिकामी होती आणि होडी लाटेवर आदळली की तिथून पोकळ आवाज येत होता.

धक्क्याला लागल्यावर काकाने फळी टाकली आणि एकेकाला हात देऊन उतरवलं. दमयंतीला हात दिला नाही. मॅडमही म्हणाला नाही. साहेबांची गाडी वर उभी होती. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, नामदेवने हाक मारली, तुम्ही येताय ना. ती नाही म्हणाली. गाडी गेली. गोजराकाकी पाटी घेऊन खाली आली होती. दमयंतीला होडीजवळ बघून ती जागच्या जागी थांबली. काकाने काकीकडे बादली मागितली. बादलीभर खाडीचं पाणी घेऊन तो पुढे गेला आणि त्याने ते नाळेवर ओतलं. मग काथ्याचा कुंचा घेऊन, जिथे दमयंती बसली होती ती फळी घासू लागला, जोर लावून, दात आवळून.

"हे काय करतंस?" काकी म्हणाली. "त्या मडमा बसतान तवा कवा धूत नाय तू. इतक्या आल्या नि गेल्या."

काकाचा हात थांबला नाही. "त्या बाहेरच्या," तो म्हणाला.

दमयंती धक्क्याच्या पायरीवर उभी होती. ओलं लाकूड काळं दिसत होतं आणि त्यावर हिरव्या माशाची मुरडलेली शेपटी तेवढी चमकत होती. मिसेस मर्चंटची जागा, मधली, जिथे बिअर सांडली होती, ती कोरडीच राहिली. मित्रांची जागा कोरडी. नामदेवने ओकलेलं तसंच होतं. पाणी फक्त नाळेवर पडलं होतं. काकाने बादली खाली ठेवली आणि तो कमरेला हात लावून सरळ झाला.

"काका," ती म्हणाली. "मागं पन आल्ते मी. सुकानूपाशी. तुझ्या बाजूला उभी व्हते."

दिवसभरात पहिल्यांदा त्याने तिच्या नजरेला नजर दिली. त्याच्या डोळ्यांत माया नव्हती. तिच्याही नसावी. मग त्याने वाकून बादली उचलली, पुन्हा भरून घेतली आणि तो कुंचा घेऊन मागे सुकाणूपाशी गेला.